साप, घोरपड, कासव, सरडा : आपल्या शिवारातले सरपटणारे प्राणी आणि त्यांच्यावर आलेली वेळ

सोलापूर : गावच्या देवळात पाय ठेवला की देवाच्या आधी फरशीत बसवलेलं दगडी कासव भेटतं. महादेवाच्या पिंडीवर नाग असतो. मोहोळ तालुक्यात वडवळला तर नागनाथच आहे. नागपंचमीला घरात चिरणं-तळणं बंद, शेतात नांगर बंद, दिंडं उकडून नैवेद्य. आणि त्याच आठवड्यात गोठ्यातून धामण निघाली की चारजण काठ्या घेऊन धावतात. मारल्यावर कुणीतरी विचारतं, "कुठला होता रं?"

हा प्रश्न काठी उचलायच्या आधी विचारला गेला तर साप आणि माणूस, दोघांचेही जीव वाचतात. म्हणून या प्राण्यांची ओळख, चावल्यावर काय करायचं, त्यांच्या नावाखाली फसवणूक कशी चालते आणि कायदा काय म्हणतो, ही माहिती इथं एकत्र दिली आहे.

सरपटणारे म्हणजे नेमके कोण?

साप, सरडे, पाली, सापसुरळ्या, घोरपडी, कासवं आणि मगरी हे सगळे एकाच मोठ्या गोतावळ्यातले. अंगावर खवले किंवा ढाली, श्वास फुप्फुसाने, आणि शरीर गरम ठेवायला सूर्याचा आधार. बेडूक यात येत नाही, त्याची कातडी ओली आणि बिनखवल्याची. गांडूळही नाही.

उन्हावर चालणारं शरीर म्हणजे खर्च कमी. आपण दोन वेळा जेवतो त्यातलं बरंचसं अंग गरम ठेवण्यातच जातं. सापाला तो खर्च नाही, म्हणून एक उंदीर गिळला की त्याचे कित्येक दिवस निघतात. याचा तोटाही आहे. ऊब लागते म्हणून संध्याकाळनंतर तापलेल्या डांबरावर साप येऊन पडतात आणि गाडीखाली जातात. पावसाळ्यात पहाटे पुणे-हैदराबाद महामार्गावरून जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

जगात या प्राण्यांच्या १२ हजारांहून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यात सात हजारांच्या वर पाली-सरडे, चार हजारांच्या आसपास साप, साडेतीनशेच्या आसपास कासवं, आणि मगरींच्या जाती तर तीससुद्धा नाहीत. न्यूझीलंडमध्ये तुआतारा नावाचा एक प्राणी आहे. दिसायला सरडा, पण सरडा नव्हे. त्याचे सगळे भाऊबंद कोट्यवधी वर्षांपूर्वी संपले, हा एकटा उरला. भारतात सहाशेहून जास्त जाती आहेत आणि नव्या सापडायचं थांबलेलं नाही.

यातल्या एका शोधात आपली मराठी आहे. दख्खनच्या माळावर एक छोटा सरडा असतो. विणीच्या दिवसांत, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, नर दगडावर चढून गळ्याखालचा निळा-काळा-नारिंगी पंखा उघडतो आणि मिटतो. २०१६ साली शास्त्रज्ञांनी या सरड्यांचा वेगळा गट केला आणि जगभरच्या शास्त्रीय पुस्तकांसाठी त्याला नाव दिलं 'सरडा'. आपला बोलीतला शब्द, जसाच्या तसा.

आणि पौराणिक नावाचाही एक आहे. गुजरातच्या कच्छमध्ये कोळशाच्या खाणीत एका प्रचंड सापाच्या मणक्यांचे जीवाश्म मिळाले. वय सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षं, लांबी अंदाजे ११ ते १५ मीटर. २०२४ साली त्याचं नाव ठेवलं 'वासुकी'.

एवढ्या जुन्या घराण्याची आजची स्थिती मात्र चांगली नाही. २०२२ साली जगातल्या दहा हजारांवर जातींची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यात साधारण पाचातली एक जात नष्ट होण्याच्या वाटेवर निघाली. मगरी आणि कासवांत तर हे प्रमाण निम्म्यावर गेलं आहे. कारणं नेहमीचीच : राहायची जागा शेतीखाली, घरांखाली, रस्त्यांखाली जाणं, शिकार आणि चोरटा व्यापार.

विषारी चार, बाकी पुष्कळ

आपल्याकडं माणूस दगावण्याइतके विषारी साप म्हणजे मुख्यतः चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. बाकी धामण, दिवड, तस्कर, कवड्या, रुका, गवत्या, धूळनागीण, नानेटी, मांडूळ, दुर्क्या घोणस, वाळा यांच्यापासून माणसाच्या जिवाला धोका नाही. मांजऱ्या आणि हरणटोळ यांना थोडं विष असतं, पण ते पाल-सरड्यापुरतं.

नाग सगळ्यांना माहीत आहे. पण फणा काढला तरच तो ओळखतो आपण. फणा मिटला की तपकिरी-काळसर साधा साप दिसतो आणि तिथंच धामणीशी गल्लत होते. धामण नागापेक्षा लांब, सडपातळ आणि चपळ. ओठांच्या खवल्यांवर काळ्या रेघा असतात, डोळा मोठा असतो, आणि ती फणा कधीच काढत नाही. तिचं मुख्य खाणं उंदीर. ती बिळात शिरून पिलांसकट उंदीर खाते. हे काम मांजराला जमत नाही, कारण ते बिळात मावत नाही. म्हशीच्या पायाला विळखा घालून धामण दूध पिते, असं अजूनही सांगतात. सापाच्या तोंडाची रचना दूध ओढायची नाहीच, आणि त्याच्या दातांनी धरलेली कास म्हैस एक क्षण सहन करणार नाही. दूध कमी दिलं तर वैरण बघा, पशुवैद्यकाला बोलवा.

दोन साप एकमेकांना पीळ घालून उभे राहिले की 'नाग-धामण लागलेत' म्हणून लोक नवं कापड टाकायला धावतात. बहुतेक वेळा ते दोन्ही धामणीचे नर असतात आणि ती कुस्ती चाललेली असते. कापड नेलं नाही तरी चालेल, लांबून बघा.

घोणस जाडजूड, डोकं तिकोनी, आणि पाठीवर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन ओळी. डिवचली की कुकरची शिट्टी व्हावी तशी मोठ्याने फुत्कारते. ती अंडी घालत नाही, थेट पिलांना जन्म देते, एका वेळी वीस-तीससुद्धा. ही पिलं जन्मापासून विषारी. अजगराचं पिल्लू म्हणून ते हातात घेणारे दरवर्षी कुठं ना कुठं निघतात. उलट दुर्क्या घोणस हा बिनविषारी साप घोणस समजून मारला जातो. फुरसं लहान, दोन फुटांच्या आतलं, डोक्यावर बाणासारखी खूण. मुरमाड, दगडगोट्याच्या रानात दगडाखाली बसतं. अंगाचे खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढतं.

मण्यारीवर थोडं थांबून सांगायला हवं, कारण तिच्यामुळं झालेला मृत्यू घरच्यांना बऱ्याचदा कळतही नाही. काळीभोर, चकचकीत, अंगावर पांढरे बारीक जोडपट्टे. पट्टे शेपटीकडं ठळक आणि डोक्याकडं फिके किंवा नसतातच. कवड्या नावाचा बिनविषारी साप अगदी असाच भासतो, पण त्याचं उलट असतं : पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडं विरतात. मण्यार रात्री फिरते, उंदीर आणि दुसऱ्या सापांच्या मागावर घरात येते. जमिनीवर झोपलेल्या माणसाचा हात तिच्यावर पडला की चावते. दात इतके बारीक की कित्येकदा खूण दिसत नाही, आग होत नाही, सूज येत नाही. पहाटे माणूस पोट दुखतंय म्हणून उठतो, घसा धरतो, बोलणं अडखळतं, पापण्या जड होऊन मिटायला लागतात. घरचे म्हणतात काहीतरी खाण्यात आलं. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला अशी लक्षणं दिसली तर सापाचा विचार पहिल्यांदा करा आणि डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

यावर स्वस्तातला उपाय म्हणजे खाट. खाट नसेल तर मच्छरदाणी, कडा अंथरुणाखाली नीट खोचलेली. पाचशे रुपयांच्या आतबाहेरची ही वस्तू डासाबरोबर मण्यारही थांबवते.

ऊस, उंदीर आणि कोपी

उजनीचं पाणी आलं आणि ज्वारीच्या जिल्ह्यात ऊस उभा राहिला. धरण १९८० साली पूर्ण झालं, त्यानंतर माढा, पंढरपूर, माळशिरस, करमाळा, मोहोळ या पट्ट्याचं रूपच पालटलं. बारा महिने सावली, बारा महिने ओल, आणि गोड कांडी कुरतडायला उंदीर. उंदीर तिथं साप, हे ठरलेलंच. म्हणजे उसामुळं साप संपले असं नाही. काही जाती उलट वाढल्या असतील. पण माणूस आणि साप एकमेकांच्या फार जवळ आले.

सगळ्यात जवळ आला तो ऊसतोड मजूर. हंगामात बीडकडून, मराठवाड्यातून येणारी कुटुंबं फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत जमिनीवर झोपतात. पहाटेच्या अंधारात तोडणी सुरू होते, हातात मोजा नसतो, पायात बूट नसतो. गाळपाचे आकडे रोज छापले जातात, पण कोपीत झोपलेल्याला खाट-मच्छरदाणी मिळाली का, हे कुणी विचारत नाही. मुकादम आणि कारखान्यांनी एवढी सोय केली तरी पुष्कळ होईल.

पाचट पेटवणं हा वेगळा विषय आहे. आग चारी बाजूंनी लावली की मधले साप, घोरपडी, सापसुरळ्या, अंडी सगळं जळतं. जे सुटतात ते वस्तीकडं पळतात. आग लावायचीच असेल तर एक बाजू मोकळी ठेवा, एवढं तरी करता येतं. पण पाचट कुट्टी करून जमिनीत मुरवणं मातीसाठीही फायद्याचं आहे, हे आता बहुतेकांना पटायला लागलंय.

चावला तर

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. जवळजवळ सगळी खेड्यातली, आणि निम्म्याहून जास्त मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं आहे.

चावल्याबरोबर माणसाला शांत बसवा. पळवू नका, चालवू नका. अंगठी, कडं, जोडवी, पैंजण, घड्याळ काढा, सूज आल्यावर ते निघत नाही. चावलेला हात किंवा पाय फळी बांधून स्थिर ठेवा, मोडलेल्या हाडाला बांधतो तसा. दोरी करकचून आवळू नका. रक्त अडून पुढचा भाग सडतो आणि दोरी सोडल्यावर साठलेलं विष एकदम अंगात जातं. ब्लेडने कापू नका, तोंडाने चोखू नका, चुना-हळद-पाला लावू नका. घोणस चावली असेल तर रक्त गोठायचं थांबलेलं असतं, त्यात कापलं तर ते थांबता थांबत नाही. सापामागं काठी घेऊन धावण्यात वेळ घालवू नका. लांबून मोबाईलवर फोटो मिळाला तर ठीक, नाही मिळाला तरी उपचार अडत नाहीत, कारण आपल्याकडची लस चारही सापांवर एकच आहे. चावल्याची वेळ मात्र लक्षात ठेवा.

१०८ ला फोन करा. गाडी यायला उशीर लागणार असेल तर मोटारसायकलवर रुग्णाला दोघांच्या मधे बसवून निघा. निघताना दवाखान्यात फोन करून 'सापाची लस आहे का' एवढं विचारा. नाहीतर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी फिरवण्यातच तास जातो. शहाणपण यात आहे की हा फोन नंबर पावसाळ्याआधीच गावच्या ग्रुपवर टाकून ठेवावा : आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुक्याचं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, आणि सोलापूरचं सिव्हिल. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते. लहान मुलाला कमी आणि मोठ्याला जास्त असं नसतं, डोस सारखाच लागतो, कारण विष सापाने तेवढंच सोडलेलं असतं. डॉक्टर काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं तसंच ठेवतात, त्याला हयगय समजू नका. रक्त गोठतंय की नाही हे त्यावरून कळतं आणि लस द्यायची का ते ठरतं.

ही लस तयार करताना घोड्यांना थोडंथोडं विष टोचतात, मग त्यांच्या रक्तातून प्रतिविष काढतात. मुंबईच्या हाफकिनचं नाव यासाठी जुनं आहे. देशभरच्या कंपन्यांना लागणारं विष मोठ्या प्रमाणात तमिळनाडूतल्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येतं. ही माणसं पूर्वी कातड्यासाठी साप मारायची, १९७८ पासून साप पकडून, विष काढून परत सोडतात. मेलेल्या सापापेक्षा जिवंत साप जास्त पैसे देतो, हे त्यांनी सिद्ध केलं.

आता देवऋषी आणि मांत्रिकाबद्दल. 'अमक्याला उतरवलं होतं' हे खोटं असतंच असं नाही, माणूस खरंच बरा झालेला असतो. पण मुळात बहुतेक साप बिनविषारी. शिवाय विषारी सापही दरवेळी विष सोडतोच असं नाही, नुसते दात लागतात. अशी माणसं मंत्राशिवायही वाचली असती. ज्याच्या अंगात खरंच विष गेलंय तो मंत्र ऐकत ऐकत जातो, आणि त्याची गोष्ट कुणी सांगत नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात हे स्पष्ट लिहिलेलं आहे : कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचार घेऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी अठरा वर्षं झटले आणि ज्याच्या आधी काही महिने त्यांचा खून झाला, तोच हा कायदा.

शेतकरी कुटुंबातलं माणूस सर्पदंशाने गेलं तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत वारसांना २ लाख रुपये मिळतात. वय १० ते ७५ च्या दरम्यान हवं आणि घरात सातबारा हवा. शवविच्छेदन टाळलं तर पुढं कागद अडतो, दुःखात हे सुचत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय. अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयात, लवकरात लवकर.

मांडूळ, वीस नखी कासव आणि पैशाचा पाऊस

मांडूळ हा बिनविषारी, मातीत राहणारा, उंदीर खाणारा गरीब साप. शेपूट बोथट, तोंडासारखी, म्हणून 'दुतोंड्या'. चोरट्या बाजारात याला 'डबल इंजिन' म्हणतात आणि वजनावर लाखो-कोटींच्या बाता मारतात. गुप्तधन दाखवतो, औषधात लागतो, परदेशात मागणी आहे, काय काय. खरेदी करणारा शेवटचा माणूस कधीच दिसत नाही, दिसतात ते फक्त मधले. कुणी अॅडव्हान्स देऊन बुडतो, कुणी मांडूळ पोत्यात घालून नेताना पोलिसांच्या सापळ्यात सापडतो. मांडूळ बिचारं पोत्यातच मरतं.

वीस नख्यांच्या कासवाचंही तेच. पैशाचा पाऊस पाडायला ते लागतं म्हणे. त्याच्या पायाला किती नख्या आहेत यावर कुणाची गरिबी हटल्याचं ऐकिवात नाही. शहरात 'वास्तूसाठी' काचेच्या भांड्यात विकतात ती लाल कानपट्टीची कासवं अमेरिकेतली. मोठी झाली की लोक ती तलावात, नदीत सोडतात आणि ती आपल्या कासवांचं अन्न खातात. उजनीत किंवा भीमेत असलं कासव सोडू नका. पाठीवर चांदण्या असलेलं तारा कासव तर घरात ठेवणंच गुन्हा आहे, त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१९ पासून पूर्ण बंद आहे.

घोरपडीवर तर तिहेरी संकट. मांस, तेल आणि कातडं. खंडोबाच्या वाघ्याची दिमडी पूर्वी घोरपडीच्या कातड्याने मढवायचे. आता बोकडाचं कातडं किंवा फायबर वापरतात, बाळ्याच्या यात्रेतही आवाज तेवढाच घुमतो आणि खंडोबाने तक्रार केल्याचं कुणी सांगितलेलं नाही. शिवाय 'हत्ताजोडी' नावाने पूजेच्या दुकानात विकली जाणारी मुळी मुळी नसतेच, ते नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. तानाजीच्या घोरपडीची गोष्ट सांगणाऱ्या, घोरपडे आडनाव अभिमानाने लावणाऱ्या मुलखात हे चालतं. घोरपड विषारी नाही. मेलेली जनावरं, उंदीर, खेकडे, अंडी खाऊन शिवार साफ ठेवते. तिचा मोठा भाऊ म्हणजे इंडोनेशियाचा कोमोडो ड्रॅगन, दहा फुटांपर्यंत वाढणारा. २०२१ पासून तोही धोक्यातल्या यादीत आहे.

कायदा थोडक्यात : वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्याची नवी दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू. नाग, घोणस, धामण, घोरपड हे पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत. शिकार किंवा व्यापार केला तर किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. स्वतःचा जीव वाचवताना मारावं लागलं तर तो गुन्हा धरत नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात जिवंत नागांची मिरवणूक उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर थांबली. २०२५ मध्ये केंद्राने तिथल्या २१ जणांना प्रबोधन आणि अभ्यासासाठी नाग पकडायची परवानगी दिली, खेळाला किंवा स्पर्धेला नाही.

भीमेचं कासव आणि नान्नजचा माळ

सापांबद्दल निदान बोललं तरी जातं. भीमेतल्या एका कासवाबद्दल कुणी बोलतही नाही. लीथचं मऊ पाठीचं कासव, फक्त दक्षिण भारतातल्या नद्यांमध्ये सापडणारं. लीथ नावाच्या इंग्रज डॉक्टरच्या नावावरून १८७२ साली त्याची शास्त्रीय नोंद झाली, आणि तो नमुना पुण्याचा होता. पुण्याचं पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं, म्हणजे हे कासव आपल्याच नदीचं. आज ते नष्ट होण्याच्या अगदी कडेवर असलेल्या जातींमध्ये गणलं जातं. मासेमारीच्या जाळ्यात अडकतं, खाण्यासाठी विकलं जातं, आणि ज्या वाळूत अंडी घालतं ती वाळू रात्रीच्या ट्रॅक्टरमधून जाते. वाळूउपशाच्या बातम्यांत महसुलाचा हिशेब असतो, कासवाच्या अंड्यांचा नसतो.

कोकणातलं उदाहरण बघण्यासारखं आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावात समुद्री कासवांची अंडी लोक उकरून न्यायचे. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन ती जपायला सुरुवात केली. पिलं समुद्रात जाताना बघायला आता पर्यटक येतात, गावातल्या घरांत जेवतात, राहतात. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खूण लावलेलं एक कासव जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आलं, देशाला वळसा घालून. भीमेच्या कासवाला एवढं फिरायचं नाही, थोडी वाळू जागेवर राहिली तरी त्याचं भागेल.

तीच गत माळाची. नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. माळढोक किडे खातो तसे सरडेही खातो. सरडा, सापसुरळी, फुरसं, घोरपड हे सगळे माळाचे. पण सरकारी कागदावर आणि आपल्या तोंडी माळ म्हणजे 'पडीक'. मग तिथं झाडं लावायची मोहीम निघते. गवताळ माळावर दाट झाडी केली तर उन्हात जगणाऱ्या या प्राण्यांची जागाच जाते, हे पटायला जड आहे. झाडं लावणाऱ्याला वाईट कोण म्हणणार? तरी झाडं ओढ्याकाठी, रस्त्याकडेला, गावठाणात लावावीत आणि माळाचा काही भाग माळच राहू द्यावा, असं आमचं मत आहे.

घरात, शेतात साप निघाला तर

माणसं, लेकरं, जनावरं लांब करा. एकाने लांबून नजर ठेवा, म्हणजे तो कुठं शिरला ते कळेल. वनविभागाची 'हॅलो फॉरेस्ट' हेल्पलाईन १९२६ आहे, तिथं किंवा वनविभागाकडं नोंद असलेल्या सर्पमित्राला फोन करा. रील काढण्यासाठी नागाशी खेळणाऱ्याला बोलावू नका. अशा खेळात चावून सर्पमित्रही गेले आहेत. पकडलेला साप फार लांब नेऊन सोडणंही बरोबर नाही, अनोळखी रानात त्याला लपायची-खायची जागा सापडत नाही. शेतात निघाला तर बहुतेक वेळा काहीच करायची गरज नसते, तो जातो.

घराजवळ दगड-विटांचे ढीग, सरपण, भंगार भिंतीला लावून ठेवू नका. कोंबड्यांची खुराडी आणि धान्याची कणगी उंदीर ओढतात. रात्री बाहेर पडताना बॅटरी आणि बूट. शेतात वैरण उचलताना आधी काठीने हलवा.

उन्हाळी नांगरटीत किंवा बांध फोडताना मातीत पांढरी, लांबट, चामड्यासारख्या कवचाची अंडी निघाली तर ती सापाची, कासवाची किंवा घोरपडीची असतात. उलटीपालटी करू नका. कोंबडीच्या अंड्यासारखी ती फिरवलेली चालत नाहीत, आतला जीव मरू शकतो. ज्या बाजूने होती त्याच बाजूने ठेवून वर ओलसर माती लोटा आणि तेवढा तुकडा महिना-दोन महिने सोडून द्या. नागीण मात्र अंड्यांजवळ बसून राखण करते, म्हणून हात घालण्याआधी भोवताली नीट बघा.